हरणाच्या रायफलीचं कौतुक

उन्मेष कशाचंही कौतुक करत नसे, आणि रियाधमध्ये त्याचं बरं चाललं होतं ते त्याच जोरावर. एका वित्तकंपनीतली सगळी खरेदी त्याच्याकडे होती. विक्रेता कितीही गोड बोलला तरी उन्मेषचा चेहरा दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या माणसासारखा राही. शेवटी विक्रेताच घाबरून किंमत उतरवी. घरीही तेच. बायकोने, निवेदिताने, पहिल्यांदा केलेली पुरणपोळी खाऊन तो “बरी झालीय” म्हणाला होता, आणि त्या घरात ती पदवी आजतागायत सर्वोच्च होती.

कंपनीचे मालक फहाद. त्यांना सगळे थोरल्या मुलाच्या नावावरून अबू नासिर म्हणत. तरुणपणी स्कॉटलंडमध्ये शिकताना ते तिथल्या जंगलात हरणांच्या शिकारीला जायचे. मग लग्न, कंपनी, मुलं आणि उजव्या खांद्याचं ऑपरेशन, असं करत बरीच वर्षं निघून गेली. आता एका जुन्या वर्गमित्राने ऑक्टोबरात पुन्हा त्याच जंगलात बोलावलं होतं, आणि अबू नासिरना नवी रायफल हवी होती.

“तू निवड,” त्यांनी उन्मेषला सांगितलं. “आपला जनरेटर तूच निवडलास ना? इतके उन्हाळे झाले, एकदा बंद पडला नाही.”

जनरेटरने कुणाला मारायचं नसतं, हा मुद्दा उन्मेषच्या ओठांवर आला होता. पण मालकासमोर ओठांवर आलेल्या गोष्टी तिथेच ठेवायच्या असतात.

बंदूक त्याने आयुष्यात एकदाच हातात घेतली होती. जत्रेत, फुगे फोडायची. फुगे शाबूत राहिले होते. शेजारच्या गोळेवाल्याची सरबताची बाटली फुटली होती. तरीही त्याने नेहमीच्या पद्धतीने अभ्यास सुरू केला. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की वाळवंटात लांबवरून नेम धरतात, म्हणून तिथे लांब नळी आणि मोठी दुर्बीण. जंगलात हरीण दिसतं ते दोन झाडांच्या फटीत, आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असेल तेवढ्या अंतरावर, आणि तेही क्षणभर. तिथे लांब नळी फांद्यांत अडकते, आणि मोठ्या दुर्बिणीतून हरणाच्या जागी नुसते केस दिसतात. शिवाय काडतूस जितकं दांडगं, तितका दस्त्याचा धक्का खांद्यात.

हे कळल्यापासून त्याची झोप उडाली. जनरेटर चुकला तर दिवे जातात. रायफल चुकली तर अबू नासिरचा खांदा जाणार, आणि खांद्यापाठोपाठ उन्मेषचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना. इकामा गेला की सगळ्यांनी सामान बांधायचं. आणि मुलगी स्मृती इथल्या इंडियन स्कूलमध्ये दहावीला होती, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत.

गुरुवारी संध्याकाळी अबू नासिरच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्यात, परवानाधारक दुकानदाराने तीन रायफली गालिच्यावर मांडल्या. एक उन्मेषने पाहताक्षणी बाद केली; तिच्या दस्त्यावर सोन्याचा बाज पक्षी कोरलेला होता, आणि हरणाला बाजात रस नसतो. दुसरी लांबलचक, दांडग्या काडतुसाची, वर दुधाच्या किटलीएवढी दुर्बीण. तिसरी आखूड, हलकी, साध्या अक्रोडाच्या दस्त्याची, छोट्या दुर्बिणीची.

अबू नासिर सरळ लांब रायफलीकडे गेले. ती खांद्याला लावून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरला, आणि त्यांचा ओठ किंचित वाकडा झाला. तोच खांदा.

“हिच्यातून चंद्रावरचा दगड दिसतो,” दुकानदार म्हणाला.

“चंद्रावर हरणं नाहीत,” उन्मेष म्हणाला, आणि मग त्याला थांबता येईना. घाबरलेला माणूस एक तर गप्प बसतो किंवा भाषण करतो. त्याने ती आखूड रायफल उचलली आणि आयुष्यात न वापरलेली विशेषणं बाहेर काढली. काय तिचा तोल! काय हा दस्ता, जणू हाताचं माप घेऊन घडवलाय! झाडीत वळवायला किती हलकी, गालाला लावली की डोळा आपोआप दुर्बिणीमागे! असली देखणी वस्तू आपण आजवर पाहिली नाही, असंही तो म्हणाला. लग्नाचे फोटो सुदैवाने घरी होते.

अबू नासिरनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“इतक्या वर्षांत तू माझ्या घरातल्या एकाही गोष्टीला चांगलं म्हणाला नाहीस,” ते म्हणाले. “खलास, ठरलं. ही तुझी.”

पाहुण्याने मनापासून वाखाणलेली वस्तू यजमानाने त्याला देऊन टाकायची, हा इथला रिवाज उन्मेषला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगितला होता. त्याने तो लक्षात ठेवला नव्हता. त्याला तो लागू होण्याची शक्यताच नव्हती.

“नको, नको,” तो म्हणाला.

“घे.”

“छे छे, कशाला उगाच!”

“माझ्यासाठी घे.”

“अहो, नको खरंच...” आणि इथे उन्मेषचं सगळं बालपण त्याच्या आड आलं. आपल्याकडे दुसऱ्या जिलबीला दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा मान खाली घालून ताट पुढे करायचं असतं. त्याने मान खाली घातली.

“मबरूक!” दुकानदार म्हणाला. अभिनंदन.

“कागदपत्रं मी बघतो. रविवारी ड्रायव्हर घरी आणून देईल,” अबू नासिर म्हणाले. “मी आपली ती लांब घेतो.”

कॉफीवाला आला. इथे कप हलवला की ‘पुरे’ असा अर्थ होतो. उन्मेषचा हात आपोआपच हलत होता. त्याला कॉफी मिळाली नाही.

घरी निवेदिताने सगळं ऐकून घेतलं, आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: “देखणी? ‘देखणी’ म्हणालास?”

“अगं, मुद्दा तो नाहीये. परदेशी माणसाच्या घरात बंदूक सापडली तर...”

“मला अठरा वर्षं ‘ठीक दिसतेस’.”

स्मृतीने हेडफोन काढला. “बाबा, आर वी गेटिंग डिपोर्टेड?”

“नाही गं, बाळा.”

“नहीं, मतलब प्लॅनिंग के लिए पूछ रही हूँ. बोर्ड्स के पहले या बाद में?”

उन्मेषने इब्राहीमभाईंना फोन लावला. इब्राहीमभाई श्रीवर्धनचे, बथ्याच्या बाजारात त्यांचं अत्तराचं दुकान होतं, आणि रियाधमधल्या निम्म्या मराठी घरांच्या अडचणी तिथल्या बाकड्यावर सुटत किंवा वाढत.

“तारीफ केलीत कशाला पण?” इब्राहीमभाई कळवळून म्हणाले. “मी एकदा एका शेखच्या बकऱ्याची केली होती. दोन महिने दुकानाच्या मागं बांधलेला. गिऱ्हाइकं विचारायची, हा कोणता अत्तर?”

“बकरा ठीक आहे हो. ही रायफल आहे. परत कशी करू?”

“परत?” पलीकडे बाटल्यांचा खणखणाट थांबला. “परत केलंत तर त्याच्या तोंडावर मारल्यासारखं. आणि ठेवलंत तर पोलीस. असं करा, आजारी पडा.”

“किती दिवस?”

“ते रिटायर होईपर्यंत.”

शुक्रवारभर उन्मेष सरकारी ॲप उघडून पाहत राहिला. त्याच्या नावावर गाडी होती, लायसन्स होतं, इकामा होता. खाली बंदूक उगवलेली नव्हती. दर तासाला तो खात्री करून घेत होता. दुपारी खालच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं तेव्हा त्याने दोन्ही हात वर केले. हातात वरणाची वाटी होती.

“त्या रायफलीत खोट काढ,” फरशी पुसता पुसता निवेदिता म्हणाली. “तुला काय कठीण आहे? माझ्या भावाच्या लग्नात तू मांडवाच्या खांबात खोट काढली होतीस.”

हीच तर अडचण होती. खोट काढली की अबू नासिर म्हणणार, बरं झालं, माझी लांबवाली ती चांगली. मग ते ती घेऊन झाडीत जाणार, दांडगा धक्का बसणार आणि खांदा निखळणार. ती रायफल योग्यच होती. उन्मेषने आयुष्यात पहिल्यांदा कशाचं तरी कौतुक केलं होतं, आणि ते खरं होतं.

शनिवारी निवेदिताने गाडी काढली, कारण उन्मेषला चावी कुलपात घालता येईना. अबू नासिरच्या फाटकाबाहेर तिने इंजिन बंद केलं.

“आत गेलास की नको एकदाच म्हण,” ती म्हणाली. “दोनदा म्हणालास तर तोफ घेऊन येशील.”

मजलिसमध्ये रायफल एका लांब चामड्याच्या पेटीत तयार ठेवली होती. अबू नासिरनी पेटीवर हात ठेवला. “उद्यापर्यंत धीर धरवला नाही?”

“अबू नासिर,” उन्मेष म्हणाला. “रायफल बरोबर आहे. घर चुकीचं आहे.”

“म्हणजे?”

“माझ्या घराच्या आसपास जंगल नाही. बाल्कनीत बायकोच्या लिंबाच्या दोन कुंड्या आहेत. ही तिथे काय करणार? लिंबांवर नेम धरणार?”

अबू नासिरचा चेहरा हळूहळू बंद होऊ लागला. “तुला माझी भेट नको.”

आता नको म्हणायची वेळ होती, आणि एकदाच. उन्मेषने तोंड उघडलं. पण समोरच्या माणसाचा ओठ परवासारखाच किंचित वाकडा झालेला दिसला, आणि या वेळी खांद्याला काही लावलेलं नव्हतं.

“हवी आहे,” तो म्हणाला. “भेट मी घेतली. ती माझी. पण मी ती तुमच्याकडे ठेवतो. अमानत म्हणून, विश्वासाने सोपवलेली ठेव. तुमच्याइतका विश्वासाचा माणूस मला या शहरात दुसरा नाही.”

उन्मेष मनातल्या मनात स्मृतीची पुस्तकं कोणत्या बॅगेत मावतील ते बघत होता.

मग अबू नासिरनी पेटी स्वतःकडे ओढली, सावकाश, दुसऱ्याचं मूल मांडीवर घ्यावं तशी. “अमानत,” ते म्हणाले. “माझ्या डोक्यावर.” त्यांनी दोन बोटं कपाळाला लावली. थोडं थांबून, जरा संकोचून, ते पुढे म्हणाले, “घरात तुझी इतकी चांगली रायफल असताना मी ती लांबवाली विकत घेणं बरं दिसत नाही. मालकाची परवानगी असेल तर... ऑक्टोबरात हिला स्कॉटलंडला नेऊ?”

एवढी वर्षं उन्मेषच्या रजेचा, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत येण्याच्या परवानगीचा अर्ज याच माणसाच्या टेबलावरून जात असे, आणि दर वेळी त्याला एकच प्रश्न विचारला जाई.

“किती दिवसांसाठी?” उन्मेषने विचारलं.

अबू नासिर क्षणभर बघत राहिले आणि मग इतक्या जोरात हसले की कॉफीवाला दारात थबकला. “दोन आठवडे, मालक.”

“खांद्याला जपणार असाल तर दिली.”

कॉफीवाल्याने पितळेच्या किटलीतून कप भरला. उन्मेषने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. कॉफी फार सुंदर होती, वेलची अगदी हवी तेवढी. अबू नासिरनी विचारलं, कशी आहे?

पितळेची ती किटली घरी कुठे ठेवायची, याचा उन्मेषने विचार केला.

“ठीक आहे,” तो म्हणाला.

बाहेर निवेदिताने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. “दिलीस परत?”

“नाही. माझीच आहे.”

गाडी फाटकापाशीच बंद पडली.