संत निकोलासची परत येणारी तसबीर

"आला, संत आला," म्हणत माणसं गुडघाभर पाण्यात शिरली. सकाळी गावात मुक्कामाला आलेल्या आगाथोनबाबा या साधूने कड्यावरून समुद्रात सोडलेली संत निकोलासची लाकडी तसबीर उन्हं कलताना देवळाखालच्या खाडीत येऊन लागली होती, तीही वाऱ्याच्या उलट. डोंगरावरच्या गावातून लोक गाढवांवर बसून आले होते, शेजारच्या बेटावरून होड्या भरून. बायका छातीवर क्रूसाची खूण करत होत्या.

बाबाने काळा झगा वर खोचला आणि तसबीर डोक्यावर धरली. "संत सांगतो, हे गाव मी सोडत नाही. माझ्या पायाशी आलेल्यानंही सोडू नये. अर्ध्यावर उठून गेला, तर पुढचं त्याचं त्यानं बघावं. मी काय, निरोप्या."

स्तामातियाचं लक्ष तसबिरीकडे नव्हतं. देवळाच्या पायरीवर तिची अर्गिरो अंगाला कांबळं गुंडाळून पडली होती. पोरीच्या पायाच्या बोटांत मासे धरायचा गंजका गळ रुतला होता. बाबाने जखमेवर समईतलं तेल चोळलं होतं. आता पाय पोटरीपर्यंत टम्म फुगला होता. स्तामातिया बसायची, उठायची, पायाला हात लावायची, पुन्हा उठायची. नवरा दूर जहाजावर, विचारणार कुणाला?

शाळेच्या एव्हान्थियाबाई शेजारी येऊन वाकल्या. "पोटरीवर चढलेली ही लाल रेघ सकाळी होती का गं?"

"नव्हती."

"मोठ्या बेटावर इस्पितळ आहे. बोट धक्क्याला लागलीय. चल."

"आणि संत कोपला तर? तुम्ही अथेन्सच्या, बाई. तुम्हाला काय, बोलायला सोपं आहे."

तेवढ्यात पाण्यातली माणसं हसायला लागली. तसबिरीच्या मागोमाग एक भोपळा डुलत डुलत खाडीत शिरला होता. त्याच्यामागून निम्मा भरलेला तेलाचा डबा आला, मग एक जुनी लाकडी खडाव. तिन्हींवर शाळेतल्या निळ्या रंगाचा पट्टा होता.

"हे मी सोडले," बाई म्हणाल्या. "सकाळी, बाबांच्या पाठोपाठ, त्याच कड्यावरून."

"मग भोपळ्याचीही आरती करा की," कुणीतरी म्हणालं.

बाबा डगमगला नाही. "संताच्या संगतीनं भोपळासुद्धा वाटेला लागतो, मुलांनो."

"बरं," बाई म्हणाल्या, "मग उद्या तसबीर कड्याच्या पलीकडच्या बाजूनं सोडा. संताला काय, दोन्ही बाजू सारख्याच."

"देवाची परीक्षा घेऊ नये."

स्तामातिया पुढे झाली. "परीक्षा नाही, बाबा. विनंती समजा. फक्त हो म्हणा. तुम्ही हो म्हणालात तर मी पोरीला घेऊन इथंच थांबते."

बाबाने तिच्याकडे पाहिलं नाही. "विश्वास डळमळला की रोग बळावतो," असं काहीतरी पुटपुटत तो तसबीर पुसत राहिला.

तिला तेवढं पुरलं. तिने पोरीला उचललं आणि धक्क्याची वाट धरली. "संताचा शाप घेऊन जाशील," मागून बाबा ओरडला. ती थांबली नाही.

बोटीत बाईंनी हात वाकवून तिला दाखवलं. "बाहेरून येणारा प्रवाह कड्याला धडकतो आणि आतल्या अंगानं गोल फिरून खाडीत येतो. तसबीर पाण्यात जवळजवळ बुडालेली असते. वाऱ्याला धरायला काही उरत नाही, म्हणून ती प्रवाहाबरोबर येते." ती खाडी गावभरचा कचरा गोळा करते, हे स्तामातियाला लहानपणापासून ठाऊक होतं. पण तसबिरीला कचऱ्यात कोण मोजणार?

इस्पितळातल्या डॉक्टरने पाय चिरून पू काढला. "आणखी थांबल्या असतात तर रक्तात विष भिनलं असतं," तो म्हणाला. पोरीची दोन बोटं गेली, पाय राहिला.

ती परतली तेव्हा गावाने तसबीर पलीकडून सोडून पाहिली होती. ती शेजारच्या बेटावर लागली, आणि तिथले लोक ती परत द्यायला तयार नव्हते. बाबा लोकांनी वाहिलेल्या कोंबड्या खाऊन, हाडं मागे ठेवून पसार झाला होता.

रविवारी देवळात एक बाई तापलेलं लेकरू घेऊन संताच्या रिकाम्या जागेपुढे बसली होती. स्तामातिया तिच्याजवळ गेली.

"संताला मीही मानते गं. पण दिलेले डोळे, कान, डोकं आपण वापरलेलं त्याला आवडत असेल की नाही? ऊठ. आधी बोटीत बस, मेणबत्ती मागाहून लाव."