उलट्या पावलांची काठी

मित्रांनो, तुमच्याशी बोलते आहे ती एक म्हातारी काठी. बदामाच्या लाकडाची, मुठीशी वाकलेली, टोकाला पत्र्याची टोपी घातलेली. मआन गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर माझं झाड होतं. हाज मतलक यांनी माझी फांदी ओली असतानाच कापली, गरम राखेत पुरून मऊ केली आणि गुडघ्याखाली दाबून मूठ वळवली. तेव्हा फार दुखलं. मग त्यांनी मेंढीच्या चरबीने मला इतकं चोळलं, की मी चकाकू लागले आणि मला वाटलं, आपलं नशीब उघडलं.

हाज मतलक कस्सास होते. कस्सास म्हणजे जखमेचं मोल ठरवणारा. आमच्या टोळ्यांमध्ये कुणी कुणाला मारलं, उंटाने लाथ घातली, कुत्रं चावलं, की लोक कोर्टाआधी त्यांच्या तंबूशी येत. हातापायावरची जखम ते बोटांनी मोजत. चेहऱ्याची रीत निराळी. तो व्रण भेटेल त्याला दिसणार, म्हणून किती लांबून दिसतो त्यावर भरपाई. जखम भरली की माणसाला उन्हात उभं करायचं. हाज त्याच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे जायचे. व्रण दिसेनासा झाला की तिथे मला वाळूत रोवायचे. जितकी पावलं तितकं मोल, आणि बाईमाणसाचा चेहरा असेल तर त्याच्या चौपट.

मी रोवली गेले की भांडणारे एकमेकांचे खांदे चुंबत. लोक म्हणत, "हाजची काठी उभी राहिली, आता तंटा आडवा झाला." मला त्याचा केवढा तोरा होता! माझ्यामुळे जग शहाणं चाललंय, असं वाटायचं.

मग फिद्दा आली.

आठ-नऊ वर्षांची असेल. तिच्या आईबापांना सगळे थोरल्या मुलाच्या नावाने अबू नायिफ आणि उम्म नायिफ म्हणत. मुलीच्या नावाने हाक मारायची आमच्यात पद्धत नाही. आईने तिला दह्याचं भांडं देऊन शेजारच्या सुवैलिमकडे पाठवलं. भरदिवसा, तंबूच्या समोरून, पाहुण्याने यावं तशी ती गेली. सुवैलिमने कुत्रं बांधलं नव्हतं. कुत्र्याने तिचा डावा गाल फाडला.

अबू नायिफची पिकअप आमच्या दारात येऊन थांबली. इंजिन चालूच होतं. आत उम्म नायिफ पोरीच्या गालावर ओढणी दाबून बसली होती.

"हाज, सुवैलिमच्या कुत्र्यानं आमच्या तोंडाला दात लावलेत."

"मग इथं काय करतोस? दवाखान्यात ने तिला."

"तिकडंच निघालोय. एकच विचारायचंय. टाके घातले तर व्रण कसा उरतो?"

"बारीक. रेघेसारखा."

"लांबून दिसतो?"

"लांबून नाही दिसत."

"आणि टाके नाही घातले तर?"

हाजची मूठ माझ्यावर आवळली. "अबू नायिफ, मी मोजणारा माणूस. शिवायचं की नाही ते मला विचारू नकोस."

"अबू नायिफ," गाडीतून बायको म्हणाली, "गप्पा नंतर झोडा. रक्त थांबत नाहीये हिचं."

पुढचं आम्हाला मागाहून कळलं. अबू नायिफने पोरीची जखम धुऊन घेतली, सगळ्या सुया टोचून घेतल्या. टाक्यांना मात्र तो नाही म्हणाला. नर्स म्हणाली, आज नाही तर मग जमणार नाही. तो म्हणाला, राहू द्या. त्याला पैशाची तेवढी ओढ नव्हती. सुवैलिमशी त्याचं विहिरीवरून वाकडं होतं. साऱ्या टोळीसमोर सुवैलिमचा आकडा असा निघायला हवा होता, की त्याची मान वर होऊ नये. एका रेघेने मान कुठली खाली जायला!

जखम आपल्या मनाने भरली. थंडी सरली तेव्हा अबू नायिफच्या अंगणात माणसं जमली, वेलचीची कॉफी उकळली आणि फिद्दाला उन्हात उभं केलं.

"हनुवटी वर," बाप म्हणाला. "गाल उन्हाकडं ठेव. हलायचं नाही."

हाज मागे चालू लागले. मी त्यांच्या हातात. एक म्हातारा ओरडला, "हाज, जपून. असेच गेलात तर सौदीच्या हद्दीत पोचाल." सगळे हसले. हाज चालतच राहिले. हसणं विरलं, मग कुजबुजही थांबली. इतक्या लांब मला कधीच कुणी आणलं नव्हतं. शेवटी हाजनी मला रोवलं आणि आकडा सांगितला. सुवैलिम खाली बघत राहिला. अबू नायिफला हवं होतं ते मिळालं.

मग सुवैलिमच्या चुलत्याने, माफी मागायच्या आमच्या रीतीप्रमाणे, कॉफीचा पेला न पिता जमिनीवर ठेवला. "आमचं मागणं ऐकल्याशिवाय आम्ही पिणार नाही."

"बोला," अबू नायिफ म्हणाला.

"अल्लाहसाठी किती सोडतोस?"

"चौथाई."

"आणि या बसलेल्या दाढ्यांसाठी?"

"आणखी निम्मं."

"आता हाजच्या पायांसाठी बोल. बिचारे केवढे चालले!"

पुन्हा हशा झाला. अबू नायिफ उठून उभा राहिला. "उरलेलं सगळं सोडलं. माझ्याकडं मागून कुणी रिकाम्या हातानं गेलेलं नाही."

माणसं धावून त्याला भेटली. प्रत्येकाच्या तोंडी एकच, "अल्लाह तुझा चेहरा उजळ करो, अबू नायिफ." आमच्यात याहून मोठी शाबासकी नाही. सुवैलिमने त्याच्या मानाचं पांढरं फडकं आपल्या गाडीला बांधलं. कॉफीचे पेले फिरू लागले.

फिद्दा तिथेच उभी होती, हनुवटी वर करून. "बसू का आता?" तिने विचारलं. कुणाला ऐकू गेलं नाही.

बायकांच्या पडद्याआडून उम्म नायिफ बाहेर आली आणि हाजना म्हणाली, "काका, लांबून बघितलंत. आता जवळून बघा."

"आत जा," नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "लोक बघतायत."

"त्यासाठीच तर बोलावलंत त्यांना."

हाजनी मला उपटलं आणि ते पुढे चालू लागले. चेहऱ्याकडे तोंड करून पुढे चालायची ती माझी पहिलीच वेळ. जवळून दिसलं, तिच्या डोळ्याची खालची कड ओढली गेली होती आणि ओठाचा कोपरा मिटत नव्हता.

"दुखतं का गं, पोरी?"

"नाही. हसलं की ओढतं."

"टाके घातले असते," उम्म नायिफ म्हणाली, "तर तुम्हाला एवढं चालावं लागलं नसतं."

हाजनी सगळा भार माझ्यावर टाकला. माझं लाकूड करकरलं, ते फक्त त्यांना आणि मला ऐकू आलं. नंतर त्यांनी चेहऱ्याच्या मोजणीला कधी होकार दिला नाही.

अबू नायिफच्या त्या दिलदारीची गोष्ट बैठकींतून अजून सांगतात. फिद्दा आता मोठी झाली. लग्नसमारंभात ती डावा गाल कनातीकडे करून बसते. बायका तिला 'पावलांची फिद्दा' म्हणतात. मागणी घालायला आलेले लोक पावलं किती ते आधी विचारतात, आणि भरपाई किती मिळाली ते नंतर. काही मिळालं नाही म्हटल्यावर बापाची तोंडभर स्तुती करून निघून जातात. हाज गेले. त्यांची मुलं माझ्याने शेळ्या हाकतात, पिकअपच्या चाकाखाली मला सारतात. टोपी केव्हाच गळाली. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

मित्रांनो, मला पुसा, चरबी लावा, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागते. कुत्रं पाळलंत तर दिवसा बांधून ठेवा. कुणाला चावलं, तर जखम साबणपाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. तिथे टाके म्हणाले तर टाके घालू द्या, कुणाची मान खाली जाते का ते बघत थांबू नका. मोल ठरवणारे आणि ते माफ करणारे नंतर केव्हाही मिळतात. गाल मात्र त्याच दिवशी शिवावा लागतो.