गेणबाची हाक

आमच्या वाडीचं कुरण दसऱ्यापर्यंत बंद असतं. तोवर गवत कंबरेएवढं वाढून त्याचं बी मातीत पडलं, तरच ते पुढच्या साली उगवतं. नाहीतर डोंगर उघडा पडतो आणि उन्हाळ्यात गुरं विकायला काढावी लागतात. म्हणून राखणीची काठी घरोघर फिरायची. ज्याच्या दारात काठी, त्या दिवशीची राखण त्याची.

पुढं पोरं हिंजवडीला लागली, आम्ही पिरंगुटच्या कारखान्यांत. काठी गेणबाच्याच दारात मुक्कामाला राहिली आणि सगळ्यांची पाळी तो एकटा करू लागला. या वैशाखात तो वारला. श्रावणात भर दुपारी कुरणावरून त्याची हाक आली, "हैऽऽ, मागं फीर!" हद्दीवर आलेली गुरं जागच्या जागी वळली.

आधी आमची पाचावर धारण बसली. मग, खोटं कशाला बोलू, सोयच झाली. रोज दुपारी हाक यायची, गुरं वळायची. मेलेला माणूस ना चहा मागतो ना सुट्टी. इतके निर्लज्ज आम्ही, आणि त्यात मी पहिला.

त्याची बायको गोजराबाई मात्र काठी घ्या म्हणून दारोदार फिरली. कुणी घेतली नाही. भाद्रपदातल्या एका रविवारी तिनं माझ्या ओट्यावर काठी आपटली.

"चंद्रकांत भावजी, जित्तेपणी न्हाई बसू दिलंत त्यान्ला. आता तरी बसू द्या. आज पाळी तुमची हाय."

चरफडत वर गेलो, हद्दीच्या दगडावर बसलो. दुपारी माझ्याच गाई कुरणाकडे निघाल्या. मी हाकेची वाट बघत राहिलो. ती आलीच नाही. गाई हद्दीला भिडल्या आणि माझ्याच तोंडून निघालं, "हैऽऽ, मागं फीर!"

गाई वळल्या. माझ्या पाठीमागं गवत दबलं, दमलेलं माणूस बसावं तसं, आणि एक लांब सुस्कारा ऐकू आला. मान वळवायची माझी छाती झाली नाही.

संध्याकाळी खाली आलो तर गोजराबाई तिच्या दारात उभी होती.

"आज हाक तुमची व्हती न्हवं?"

"व्हय, वैनी. बसला त्यो."

"लई बरं झालं," ती म्हणाली, आणि तिथंच उंबऱ्यावर बसून तिनं हंबरडा फोडला. रोज दुपारी ती भाकरी पुढ्यात घेऊन त्या हाकेसाठी थांबायची, हे मला तेव्हा कळलं.

काठी आता घरोघर फिरते. दुपारी कुरणावरून हाक आली की गोजराबाई दार लावून घेते.