समोरची बाजू

'प्रख्यात' हा शब्द स्टेनोने तिसऱ्यांदा खोडला. आधी 'नामवंत' लिहून पाहिला होता, मग 'निष्णात'. बाईंनी यातला एकही कागदावर टिकू दिला नसता. "विशेषणांना शपथेवर उभं करता येत नाही," असं म्हणून त्या लाल पेनाने सरळ रेघ ओढत. शेवटी तिने नुसतं 'वकील' ठेवलं आणि पुढे सरकली. जन्म, शिक्षण, सनद मिळाल्याचं वर्ष, गाजलेले चार खटले. एवढ्यावर पहिलं पान संपलं आणि दुसरं पाऊण रिकामं राहिलं.

उद्या सकाळी अकराला कोर्टाच्या मोठ्या दालनात बाईंची शोकसभा होती. वकील संघाच्या अध्यक्षांना तिथे वाचायला दोन पानं हवी होती, आणि त्यासाठी त्यांनी संघाच्या चिटणिसाला सकाळीच पाठवलं होतं. तो दारातूनच म्हणाला होता,

"ताई, तुमच्याइतकं बाईंना कोण ओळखतं? चारपर्यंत येतो न्यायला."

हे वाक्य सकाळपासून तिच्या डोक्यात घोळत होतं. एकतीस वर्षं ती बाईंच्या खोलीच्या या काचेच्या दाराबाहेर बसली. बाईंच्या टाचांचा आवाज जिन्यात आला की साक्षीदार फुटला की अडला, हे तिला दुसऱ्या मजल्यावर कळत असे. आणि आज लिहायला बसल्यावर सव्वा पानात सगळं आटोपलं होतं. तिला स्वतःची लाज वाटत होती. त्या लाजेच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्याकडे बघायचं ती टाळत होती: आपण बाईंच्या कोण होतो, हे एकतीस वर्षांत तिला एकदाही कळलं नव्हतं.

आतल्या खोलीत बाईंच्या बहिणीचा मुलगा खोकी भरत होता. भला माणूस, पण घाईतला. जागा भाड्याची, महिनाअखेर रिकामी करून द्यायची होती. तो अधूनमधून बाहेर डोकावत होता.

"काकू, हे कोट कोणाला द्यायचे? अकरा आहेत. सगळे काळेच."

"सगळे सारखे काळे नाहीत," ती म्हणाली. "उजेडात धरून बघा."

त्याने दोन कोट खिडकीशी नेले, वळवून पाहिले, आणि परत ठेवले.

काळ्या रंगाच्या अकरा छटा बाईंना पाठ होत्या आणि कुठल्या न्यायाधीशापुढे कुठली, हेही ठरलेलं असे. उलटतपासणीच्या दिवशी कानात हिरवे खडे. दालनात शिरण्याआधी जिन्याच्या वळणावर थांबून ओठांना रंग. "साक्षीदार माझ्या तोंडाकडे बघत राहिला की स्वतःचं सांभाळायला विसरतो," हे त्यांचं स्पष्टीकरण. एकदा एका न्यायाधीशांनी भर कोर्टात विचारलं होतं, वकीलबाई, आपण युक्तिवादाला आलात की समारंभाला? बाईंनी फाइल उघडत शांतपणे सांगितलं, साहेबांची नजर कोटावरून कागदावर आली की उलगडा होईलच. सगळं दालन हसलं, साहेबही हसले, आणि निकाल बाईंच्या बाजूने लागला. कोर्टात लोक त्यांना पाठीमागे 'कात्री' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

पण हे शोकसभेत वाचायचं कसं? अध्यक्ष स्वतः त्या कात्रीखालून दोनदा गेले होते.

कामाची पद्धत लिहावी, असं तिला वाटलं. तीही लिहिण्यासारखीच होती. कुठलाही खटला हातात आला की बाई आधी समोरची बाजू सांगायच्या. "लिहा. समोरची बाजू," असं म्हणून, एक, दोन, तीन करत, आपल्याच अशिलाच्या विरुद्ध जे जे म्हणता येईल ते सगळं. समोरच्या वकिलालाही सुचलं नसतं इतकं जहाल. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका सुताराच्या खटल्यात तिने असे नऊ मुद्दे टाइप केले आणि घाबरून बाहेर बाकावर बसलेल्या त्या सुताराला सांगून टाकलं, की काका, बाई तुमच्या विरुद्ध गेल्यात. तो तसाच पायऱ्या उतरून पळाला. बाईंनी त्याला घरून आणवलं आणि तिला एवढंच म्हणाल्या,

"चला, समोरच्या वकिलाचं निम्मं काम तुम्ही केलंत."

मग त्यांनी समजावून सांगितलं. समोरची बाजू लिहायची. आपली कधीच लिहायची नाही. लिहून ठेवली की वाचावी लागते, आणि वाचून दाखवलेलं कोणालाच पटत नाही. उत्तर उभं राहून, समोरच्याच्या डोळ्यांत बघत, तोंडी द्यायचं. तेव्हापासून या कार्यालयात आपली बाजू कागदावर कधी आलीच नाही. बाई गेल्या आणि इथे उरले फक्त कपाटभर आरोप.

"काकू," भाचा बाहेर आला होता, हात झटकत. "तुम्हाला काही हवं असेल तर घ्या हं. टेबल, दिवा, काहीही."

"शॉर्टहँडच्या वह्या नेते."

"त्या कशाला? रद्दीत टाकणार होतो मी."

"दुसऱ्या कोणाला वाचता येत नाहीत," ती म्हणाली. "अशिलांच्या भानगडी आहेत त्यात. रद्दीत नकोत जायला."

ते खरंच होतं. शॉर्टहँड शिकवतात सगळ्यांना एकच, पण दहा वर्षांनी ते ज्याचं त्याला लागतं. तिच्या वाटोळ्या, घाईच्या रेघा जगात फक्त तिलाच लागत. भाच्याने मान डोलावली आणि वह्यांचा ढीग तिच्या टेबलावर आणून ठेवला. सर्वांत वर शेवटची वही होती. बाई आजारी पडल्यावर ती आठवड्यातून दोनदा त्यांच्या घरी जाई, तेव्हाची.

यातून एखादं वाक्य मिळालं तर दुसरं पान भरेल, म्हणून तिने ती उघडली.

शेवटचा मजकूर टाइप व्हायचा राहून गेला होता. बाईच म्हणाल्या होत्या, याची घाई नाही. वर 'समोरची बाजू' लिहिलेलं होतं आणि खटल्याच्या नावाची जागा मोकळी होती. बाई नाव नेहमी शेवटी सांगत. या वेळी सांगितलं नव्हतं.

तिने हे लिहून घेतलं होतं, पण ऐकलं नव्हतं. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. मजकूर कानातून सरळ हातात उतरतो, मध्ये डोक्यात थांबला की हात अडखळतो. तिच्या शिकवणीच्या सरांनी पहिल्याच दिवशी हे बजावलं होतं. घटस्फोट असो की खून, काय लिहिलं ते तिला टाइप करतानाच कळे. शिवाय त्या दुपारी ती शब्दांकडे लक्षच देत नव्हती. ती बाईंचा श्वास मोजत होती. दोन वाक्यांमध्ये तो फार लांबत होता.

आता तिने चष्मा पुसला आणि वाचायला लागली.

एक. ही बाई हुशार होती, याबद्दल वाद नाही. पण तिची हुशारी कापण्यापुरती होती, जोडायला ती कधी वापरली गेली नाही.

दोन. जिथे हरण्याची शक्यता होती असं कुठलंच काम तिने हाती घेतलं नाही. संसार त्यातलाच एक.

तीन. तिच्या कपड्यांचं कौतुक झालं. ते कौतुक हाताच्या अंतरावरून व्हावं, याचीच सोय त्या कपड्यांत होती.

चार. बहिणीच्या शेवटच्या आजारात ती दोनदा भेटायला गेली. दोन्ही वेळा हातात फाइल होती.

स्टेनोचं बोट ओळीवर थांबलं. आत चिकटपट्टी ओढल्याचा करकरीत आवाज आला. खटल्याचं नाव आता तिला कळलं होतं. पुढचा मुद्दा वाचण्याआधी तिने काचेच्या दाराकडे एकदा पाहिलं. आत भाचा पाठमोरा, खोक्यावर वाकलेला होता.

पाच. तिच्या दाराबाहेर एक स्त्री एकतीस वर्षं बसली. त्या स्त्रीची आई आठ वर्षं अंथरुणावर होती. आई गेली तेव्हा ती स्त्री दोन दिवस आली नाही आणि तिसऱ्या दिवशी आली. हिने तिला 'बसा, लिहा' एवढंच म्हटलं. तेव्हा काही विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही.

सहावा मुद्दा नव्हता.

तिने ते पुन्हा वाचलं. रेघा तिच्याच होत्या, एकही अडखळलेली नव्हती. स्वतःच्या आईचा मृत्यू तिने दर मिनिटाला शंभर शब्दांच्या वेगाने उतरवून घेतला होता आणि तिला कळलंही नव्हतं.

आता ती दुपार तिला नीट आठवली. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि कानात हिरवे खडे. घरात, आजारपणात हे कशाला, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. पाचवा मुद्दा संपल्यावर बाई थांबल्या. नुसत्या थांबल्या नाहीत, तिच्याकडे बघत राहिल्या. एकतीस वर्षांत मजकूर सांगताना त्यांनी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं, त्या खिडकीकडे तोंड करून फेऱ्या मारत. बराच वेळ गेला. तिने पेन्सिल कागदावर टेकवून धरली होती. बाई दमल्यात, असं तिला वाटलं. आणि ती म्हणाली होती,

"पुढे, बाई?"

बाईंनी आणखी क्षणभर पाहिलं. मग नजर खिडकीकडे वळवली.

"नाही. एवढंच. याची घाई नाही."

अकरा दिवसांनी त्या गेल्या.

लिहायची ती समोरची बाजू. उत्तर उभं राहून, डोळ्यांत बघत द्यायचं. पद्धत तिला पाठ होती. कोर्टात इतक्या जणांना तिने ती कौतुकाने सांगितली होती. आणि बाईंच्या बाजूने उत्तर द्यायची वेळ तिच्यावर आली तेव्हा तिने पुढचा मुद्दा मागितला.

उत्तर नव्हतं असं मुळीच नाही. एका वाक्यात देता आलं असतं. आई गेली त्या दिवसापासून माणसं विचारतच होती. शेजारी, नातलग, दूधवाला, जिन्यात भेटेल तो. कसं झालं, कधी झालं, शेवटी काही बोलल्या का? दोन दिवस तेच सांगून सांगून ती मोडायला आली होती. तिसऱ्या दिवशी ती कामावर आली ती याच कारणाने, की जगात एवढी एकच खोली होती जिथे तिला कोणी काही विचारणार नव्हतं. 'बसा, लिहा' हे शब्द कानावर पडले तेव्हा तिला जे बरं वाटलं होतं, तसं नंतर कशानेही वाटलं नाही.

स्टेनो खुर्चीवरून उठली. टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिली.

"तुम्ही विचारलं नाहीत, बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणून तर मी येऊ शकले."

आणि मग म्हणाली,

"मी पण तुम्हाला कधी काही विचारलं नाही."

आतून भाच्याने विचारलं, "मला काही म्हणालात का, काकू?"

"नाही."

"मी निघतोच आता. संध्याकाळचं विमान आहे. उद्या थांबायला हवं होतं खरं, पण जमत नाही." तो दाराशी येऊन घोटाळला. "मावशी तशी फारशी कोणाची नव्हतीच म्हणा. तुम्ही इतकी वर्षं कशी काढलीत, कमाल आहे."

तिने त्याला जिन्यापर्यंत सोडलं. परत येऊन रडली. पाच-सात मिनिटं, तोंडावर पदर-रुमाल काही न धरता, मोकळी रडली. मग तोंड धुतलं, वही पिशवीत ठेवली, आणि सव्वा पान होतं तेवढंच छापून काढलं. तिला जे सांगायचं होतं ते सभेपुढे वाचण्याजोगं नव्हतं.

चिटणीस चारला पाच मिनिटं असतानाच आला. उभ्या उभ्या वाचलं.

"छान आहे. जरासं कोरडं वाटतंय का? अध्यक्ष म्हणतील, काहीतरी आठवण बिठवण असती तर—"

"त्यांना आठवतील त्या त्यांनी सांगाव्यात. बाईंनी त्यांना दोनदा हरवलंय."

चिटणीस हसला आणि कागदांची घडी घालून खिशात ठेवली. मग दुसऱ्या खिशातून एक यादी काढली.

"आणखी एक, ताई. पुढच्या रांगेत न्यायाधीश बसतील, आणि घरच्यांसाठी दोन खुर्च्या ठेवायची पद्धत आहे. भाचे येतायत ना?"

"नाही. ते गेले."

"मग घरचं असं कोणी नाहीच." त्याने यादीवर पेन टेकवलं. "दोन्ही काढूनच टाकतो."

"एक ठेवा," स्टेनो म्हणाली.

"कोण येणार आहे?"

"मी."

चिटणिसाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्या डोळ्यांत बघत उभी होती. त्याने आणखी काही विचारलं नाही. दोनातली एक खुर्ची खोडली आणि दुसरी तशीच ठेवली.