वरच्या सभागृहाचा नकार

परभणीत तेव्हा निजामाचं राज्य होतं. जाहीर सभेला परवानगी लागे, म्हणून वाचनालयातली मंडळी दर रविवारी आतल्या खोलीत खोटं विधिमंडळ भरवत. खाली सतरंजीवर तरुणांचं सभागृह, ओट्यावर वडीलधाऱ्यांचं. पंतप्रधान होते दिनकरराव वकील.

त्यांनी विधेयक आणलं : चौदा वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न लावलं तर बापाला कैद. खाली टाळ्या पडल्या. ओट्यावर पार्वतीबाई बसल्या होत्या. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य. आता त्या देवळात पुराण सांगत. त्यांचा होकार दिनकररावांनी गृहीतच धरला होता.

पार्वतीबाई म्हणाल्या, "बाप आत गेल्यावर त्या पोरीला घरात कोण नीट वागवील? जो तो म्हणेल, हिच्यापायी गेला. तिनं राहायचं कुठं, ते आधी लिहा. तवर मी हो म्हणणार न्हाई."

ओट्यावरून विधेयक परत आलं. पक्षाच्या बैठकीत दिनकरराव चिडून म्हणाले, "आपलं बहुमत आहे. पुन्हा मंजूर करू. वरच्यांना एकदाच अडवता येतं."

पिंगळी गावचा बन्सीधर त्यांचा खंदा माणूस. तो मान खाली घालून म्हणाला, "वकीलसाब, मी हात वर करणार न्हाई. माझी बहीण कमल अकराची हाय. घरात तिचं लगीन ठरवायलेत. बाई बोलायल्या तवा मला तीच दिसायली."

शेवटी दिनकररावांनी स्वतःच कलम घातलं : अशा मुलीला सरकार सांभाळील.

पुढच्या रविवारी पार्वतीबाईंनी विचारलं, "सरकार म्हंजे कोण, दिनकरराव?"

सगळे हसले. दिनकरराव हसले नाहीत. "मी," ते म्हणाले.

विधेयक एकमतानं मंजूर झालं. वाचनालयाबाहेर त्याला कुणी विचारत नव्हतं. पण लग्नसराईच्या तोंडावर बन्सीधर कमलला घेऊन वकिलांच्या दारात उभा राहिला. बायकोला दिनकररावांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. अनसूयाबाईंनी पोरीच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि म्हणाल्या, "आधी जेवून घ्या दोघं."

बाप आला, रस्त्यावरूनच शिव्या घालून गेला. पिंगळीकडचे अशील वकिलांना दुरावले. कमल पार्वतीबाईंकडं वाचायला शिकू लागली.

हिवाळ्यात बाप पुन्हा आला, फडक्यात हुरडा बांधून. ओसरीवर टेकला. कमलकडं न बघता त्यानं अनसूयाबाईंना विचारलं, "जेवती का नीट?"