तक्त्यावरचा आकडा

त्या शनिवारी बाबांना काहीही होत नव्हतं. जेवण वेळेवर झालं होतं, गुडघ्याची रोजची तक्रार झाली होती. मी गाडी त्यांच्या टायरच्या दुकानासमोर लावली आणि डिकीतली चार नवी अलॉय चाकं दाखवली, तेव्हा चष्मा कपाळावर सारून ते म्हणाले, "गाडी आजीची आणि बूट नातीचे?"

"सोळा इंची आहेत. मूळची पंधरा. सतरा घ्यायला हवी होती का?"

"घ्यायचीस की. मग प्रत्येक खड्डा तुझ्या कमरेला नाव-गाव सांगून गेला असता."

रिम मोठी केली की रबराची भिंत बुटकी करायची, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे. चाकाची एकूण उंची तेवढीच राहायला हवी. वाढली तर वेगाचा काटा कमी दाखवतो आणि वळताना टायर आत घासतो. माझ्या गाडीचा जुना टायर १८५ मिलिमीटर रुंद, भिंत त्याच्या पासष्ट टक्के. सोळा इंची रिमला १९५ रुंदीचा लागतो, पण भिंत पंचावन्न टक्के. दोन्ही चाकांच्या उंचीत एका मिलिमीटरचाही फरक पडत नाही.

बाबांनी आतल्या मिस्त्रीकाकांना हाक मारली. "मिस्त्री, पंचावन्न मागवा हं. पासष्ट नव्हे."

"बावीस वर्षं झाली मालक. त्या पासष्टला आता तरी निवृत्त करा."

बाबा हसले, मिस्त्रीकाका हसले. मीही हसले. त्या हसण्याचा मला चांगला सराव होता.

बावीस वर्षांपूर्वी, कॉलेजच्या सुट्टीत, दुकानासाठी मी एक तक्ता केला होता. कुठल्या मूळ टायरला, रिम वाढवल्यावर, कुठला टायर चालेल त्याचा. सुवाच्य अक्षर, पट्टीने आखलेले रकाने. बाबांनी तो भिंतीवर लावला आणि आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवला. त्यात एका ओळीत मी पंचावन्नच्या जागी पासष्ट लिहिलं होतं. मिस्त्रीकाकांनी तक्त्यात बघून तसे टायर एका गाडीला बसवले. चाक दीड इंचाने उंच झालं. पाच माणसं बसून गाडी घाट उतरत होती, तेव्हा वळणावर टायर आत घासून फाटला आणि गाडी कठड्याला लागली. मागे बसलेल्या मुलीच्या कपाळाला चार टाके पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडीवाल्यांचा फोन आला तो मी घेतला. बाबा आणि मिस्त्रीकाका यायला अर्धा तास होता. तेवढ्यात मी तक्ता उतरवला, दुसऱ्या कागदावर नीट लिहून काढला आणि त्याच खिळ्यांवर लावला. बाबा आले, त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि मग मिस्त्रीकाकांकडे. "इथे पंचावन्न लिहिलंय. तुम्ही काय वाचलंत?" मिस्त्रीकाका बराच वेळ तक्त्यासमोर उभे राहिले. मी गल्ल्यामागे पुस्तक उघडून बसले होते. त्या पुस्तकाचं नाव मला आजही आठवतं, आतलं एक अक्षर आठवत नाही.

बाबांनी त्यांना काढलं नाही. फक्त त्या दिवसापासून कुठल्याही गाडीचे टायर बदलताना खडूने टायरवर आणि फरशीवर खूण करायची, गाडी ढकलत चाकाची एक पूर्ण फेरी करायची आणि टेपने अंतर मोजायचं, असा नियम झाला. जुन्या टायरचं आणि नव्याचं. दोन बोटांहून जास्त फरक आला तर टायर परत. इतर दुकानदार हसायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, फरशीवरचा तो खडू दिसला की मी दुसरीकडे बघायची.

शनिवारीही बाबांनी माझ्या जुन्या टायरची फेरी मोजली आणि आकडा वहीत लिहिला. "मंगळवारी ये," म्हणाले. रविवारी सकाळी त्यांच्यासमोर ठेवलेला चहा निवायच्या आत ते गेले.

तीन आठवड्यांनी मिस्त्रीकाकांचा फोन आला. "ताई, टायर येऊन पडलेत. जमेल तेव्हा या."

त्यांनी टायर रिमवर चढवले, हवा भरली, चाकं बसवली. मग खडू घेतला. मी मागून ढकललं, त्यांनी स्टिअरिंग धरलं. गाडी एक फेरी पुढे सरकली. त्यांनी टेप लावली आणि वहीतला बाबांच्या अक्षरातला आकडा दोनदा वाचला.

"बोटभरही फरक नाही," ते म्हणाले. टेप गुंडाळत तिथेच उकिडवे बसून राहिले. "मालक शेवटपर्यंत चेष्टाच करायचे. कधी टाकून बोलले नाहीत. पण ताई, मला आजही वाटतं, मी त्या तक्त्यावर पासष्टच वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी बघतो तर पंचावन्न. तेव्हापासून डोळ्यांवरचा विश्वासच उडाला. घरी औषधाच्या बाटलीवरचं नावसुद्धा मी बायकोकडून वाचून घेतो. ती म्हणते, अहो, डोळे चांगले आहेत की तुमचे."

गाडीची किल्ली माझ्या हातात होती. 'येते काका' म्हणून निघता आलं असतं. इतकी वर्षं मी तशीच निघत आले होते, आणि ज्यांना आधी सांगायला हवं होतं ते आता नव्हते.

मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले.

"काका, तुमचे डोळे तेव्हाही चांगलेच होते. तक्त्यावर पासष्टच होतं, मीच लिहिलं होतं. फोन आल्यावर बाबा यायच्या आत मी तो कागद बदलला. चूक माझी होती, तुमची नव्हती. मी बाबांना हे कधीच सांगितलं नाही."