लोकरीला विटाळ नाही

गाव उठून गेलं आणि गोजरबाईला कुणी सांगितलंसुद्धा नाही.

सकाळी ती झोपडीबाहेर आली, तर कुठं धूर नाही, जात्याची घरघर नाही, मेंढरांचा कालवा नाही. निजामाचे रझाकार बाळापूरकडून येऊन राहिलेत, अशी हूल दोन दिवस फिरत होती. पहाटेच सगळे पैनगंगा उतरून वऱ्हाडात निघून गेले होते. जाताना लोकांनी कोंबड्या टोपल्यांत घालून नेल्या, कुत्री दोरीला बांधून नेली. कोंबडी धरायला वेळ होता, पण गोजरीला एक हाक मारायला नव्हता. तिला वाईट वाटलं. सात वर्षं झाली, तरी वाईट वाटायची तिची सवय काही सुटत नव्हती.

गोजरबाई याच गावची धनगराची सून. पहिलं लेकरू पाळण्यातच गेलेलं. दुसरं बाळंतपण अंगावर उलटलं, तेव्हा नवऱ्यानं, संतरामनं, तिला बैलगाडीत घालून तीन दिवसांवरच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. ती जगली, लेकरू जगलं नाही आणि त्याच साली संतरामही पटकीनं गेला. मग ती दवाखान्यातच झाडलोट करत राहिली, प्रार्थनेला बसू लागली आणि एक दिवस तिनं बाप्तिस्मा घेतला. ‘लेकरू न्हाई, मालक न्हाई, आता माझं काम काय उरलं?’ असं तिनं तिथल्या म्हाताऱ्या नर्सबाईला विचारलं होतं. बाई म्हणाल्या, ‘ज्यांनी तुला टाकलं, त्यांच्यावर माया कर. तेच तुझं काम.’

सांगायला काय जातं! माया करायची, तर घेणारं कुणी हवं ना? ती गावात परत आली, तेव्हा सासूनं, भिकाबाईनं, उंबऱ्यातूनच हात आडवा केला. मेंढवाड्यापलीकडं झोपडी मिळाली, तीही दिराची, रखमाजीची मेहेरबानी. तिची घागर विहिरीला चालत नव्हती, म्हणून ओढ्याच्या वाळूत उकरलेला झिरा तिचा. सात वर्षांत तिचं उष्टं कुणी खाल्लं नव्हतं, तिनं कुणाचं खाल्लं नव्हतं. रोज संध्याकाळी ती एकेकाचं नाव घेऊन देवापुढं गाव मांडायची. गावाला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या दिवशी ती सुन्या गावातून एकटीच फिरत होती. रखमाजीच्या घरापुढं आली, तेव्हा आतून कण्हल्याचा आवाज आला.

भिकाबाई बाजेवर पडली होती. महिन्यापूर्वी पडून खुबा मोडलेला. गाडीचे हादरे सोसणार नव्हते. उद्या माणसं आणून बाजेसकट उचलून नेतो, असं सांगून रखमाजी गेला होता. उशाशी भाकरी होत्या. पाण्याचं मडकं मात्र कुणाच्या तरी मागं राहिलेल्या शेळीनं लवंडलं होतं. जमीन कधीच वाळली होती आणि वैशाखाचं ऊन पत्र्यासारखं तापलं होतं.

“आत्याबाई, पानी आणते.”

“तू नगं,” म्हातारी म्हणाली. “रखमा येईन.”

रखमाजी त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही. म्हातारीचे ओठ फुटले, जीभ टाळ्याला चिकटली. सुंभ जळाला तरी पीळ जाईना. शेवटी गोजरीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या तोंडाला लावला. म्हातारीनं दात आवळले. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं, लुगडं भिजलं, पण घोटभरही आत गेलं नाही.

“मराया टेकले, म्हून जात घ्यायला आली व्हय?” ती पुटपुटली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगात तेवढंच पाणी उरलं असावं.

गोजरी लाजली. मायेचा बळजबरीशी काय संबंध? ती अंगणात येऊन बसली. ‘देवा, एवढ्याचसाठी आणलंस का मला? हिला तहानेनं मरताना बघायला?’ असं ती मोठ्यानं म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून मोठ्यानंच. मग तिला दवाखान्यात ऐकलेलं आठवलं: वधस्तंभावर प्रभूलाही तहान लागली होती आणि कुणीतरी बोळा भिजवून त्याच्या ओठांशी धरला होता. तिची नजर दांडीवरच्या घोंगडीवर गेली.

ती उठली. घोंगडीच्या दशा, काठाचे सुटे धागे, पाण्यात बुडवून तिनं म्हातारीपुढं धरल्या.

“आत्याबाई, नवी नवरी होते तवा मागावर बसवून तुमीच सांगितलं ना, लोकरीला इटाळ न्हाई? बाळंतिणीखाली घाला, देवाखाली घाला, घोंगडं सोवळंच. मी न्हाई पाजत. घोंगडं पाजून राहिलं.”

म्हातारीनं दशा बोटांनी चाचपून बघितल्या. धनगराच्या लेकीला लोकर खोटी कशी म्हणता येईल? तिनं तोंड उघडलं.

दशा पिळल्या की चार थेंब पडायचे. मेंढराचा वास आणि चिंचोक्याच्या खळीची चव असलेलं ते पाणी म्हातारी लेकरासारखी चोखत होती. गोजरी बुडवायची, पिळायची, पुन्हा बुडवायची. एक तांब्या संपायला दुपार लागायची. तीन दिवस असे गेले. एकदाच म्हातारीनं विचारलं, “आमी तुला काढलं. तू काहून करून राहिली हे?”

“मला दुसरं काम न्हाई, आत्याबाई,” गोजरी म्हणाली. ते अगदी खरं होतं.

पाचव्या दिवशी रखमाजी आला, सोबत भावकीतला ज्ञानबा आणि आणखी दोघं. नदीपलीकडं पोलिसांनी अडवून ठेवलं होतं म्हणाला. दारात गोजरीला बघून तो थबकला. ती भिंतीला सरकली. त्यानं लगबगीनं विहिरीचं पाणी आणून आईच्या तोंडाशी धरलं. आईनं मान फिरवली.

“गोजरे, पानी दे.”

गोजरी घोंगडी घेऊन वाकली.

“घोंगडं ठिव खाली,” म्हातारी म्हणाली. “तांब्यानं दे.”

“आई!” रखमाजी ओरडला. “मानसं बघून राहिली! भावकी पंगतीला घेईन का आपल्याला?”

“तीन दिस पानी कुनी दिलं, ते भावकीला इचार.”

गोजरीनं तांब्या पुढं केला, तो म्हातारीनं स्वतःच धरला. सगळ्यांसमोर ती घटाघट प्याली. ज्ञानबानं तोंड फिरवलं.

मग त्यांनी बाज उचलली. गोजरीला कुणी चल म्हणालं नाही. म्हातारीनं एकदा हात वर केला. बोलावत होती की निरोप घेत होती, ते कळलं नाही. बाज ओढ्याच्या वळणावर दिसेनाशी झाली आणि गाव पुन्हा सुनं झालं.

गोजरी आत आली. तांब्या बाजेच्या जागी पडला होता. तळाशी घोटभर उरलं होतं. ते ओतून टाकायला तिचा हात होईना. तिनं तांब्या उचलला, म्हातारीनं ओठ लावले होते तिथंच ओठ लावले आणि सासूचं उष्टं पाणी पिऊन टाकलं.